आर्मीवाला बूट घेताय? आधी पांदण आठवा

पहाटे पाचला परभणीतल्या कुठल्याही मोठ्या रस्त्याला जा. जिंतूर रोड, वसमत रोड, गंगाखेड रोड, नाहीतर थेट कृषी विद्यापीठाचा परिसर. अंधारात पोरं दिसायच्या आधी त्यांच्या पावलांचा आवाज येतो. पोलीस भरतीवाले, अग्निवीरवाले, वनरक्षकवाले, सगळे पळत असतात. नीट कान दिला तर त्या आवाजात एक वेगळा आवाज मिसळलेला असतो. बाकीच्यांची पावलं हलकी पडतात आणि मधूनच कुणाची तरी धप्-धप् येते. तो पळतोय जाड, काळ्या, घोट्याच्या वरपर्यंत नाडी बांधलेल्या बुटात. आपल्या भाषेत, ‘आर्मीवाल्या बुटात’.

त्याला विचारा, बूट घालून का पळतोस? उत्तर ठरलेलं असतं: ‘तिकडं गेल्यावर बुटातच पळायचंय ना. आत्तापासून सवय पाहिजे.’ ऐकायला पटतं. अर्ध खरंही आहे. उरलेलं अर्ध मात्र महागात पडू शकतं, आणि ते पैसे तुमच्या घरचे असतात. सोयाबीनच्या पट्टीतून किंवा आईच्या बचत गटातून आलेले. म्हणून आज बुटाबद्दल जरा सविस्तर बोलू.

आधी माझी फजिती सांगून टाकतो. कॉलेजात असताना कॅम्पला जायच्या आदल्या दिवशी मी नवा कोरा बूट आणला. दुकानात घालून दोन पावलं चाललो, आरशात बघितलं, एकदम भारी. कॅम्पच्या पहिल्या दुपारी दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड. दुसऱ्या दिवशी ते फुटले. उरलेला सगळा कॅम्प मी स्लीपरवर, स्वयंपाकघरात बटाटे सोलत काढला. चूक बुटाची नव्हती, माझीच होती. पण तेव्हा हे सांगणारं कुणी भेटलं नाही.

पहिला प्रश्न: तुम्हाला हा बूट लागतो का? भरतीच्या धावण्यासाठी नाही. अग्निवीरचं धावणं १६०० मीटरचं आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर. ही सेकंदांची लढाई आहे, आणि बुटाचं वजन थेट सेकंदांत मोजता येतं. २०१६ मध्ये संशोधकांनी धावपटूंच्या शूजमध्ये त्यांना न सांगता वजन लपवलं आणि त्यांना ३००० मीटर पळवलं. प्रत्येक पायात १०० ग्रॅम वाढले की वेळ साधारण पाऊण टक्क्यानं वाढत गेली. आता आपला हिशेब करा. साधा रनिंग शू पायाला पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि उंच बूट सहज सातशे. फरक सव्वाचारशे ग्रॅमचा, म्हणजे तीन टक्क्यांच्या वर. साडेपाच मिनिटांत पळणाऱ्याचे दहा-अकरा सेकंद गेले. हिशेब ढोबळ आहे, पण मैदानावर दहा सेकंदांत किती पोरं पुढं निघून जातात ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

अमेरिकेच्या लष्करानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच रोजच्या धावण्याच्या व्यायामासाठी बूट बाजूला ठेवून रनिंग शूज आणले. बूट राहिला तो कूच करायला, चढायला आणि ओझं वाहायला. तुम्हीही एवढंच करा. बाकी, निवड झाली की बूट सरकार देतंच.

मग बूट लागतो कुणाला? वनरक्षकाची तयारी करणाऱ्यांना विचार करावा लागतो, कारण तिथं धावण्यानंतर चालण्याची चाचणी असते. चार तासांत मुलांना २५ किलोमीटर, मुलींना १६. सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्यांना लागतो. शेतीच्या कॉलेजात असून दिवसभर प्लॉटवर उभं राहणाऱ्यांना, सर्वेक्षणाच्या किंवा पाणलोटाच्या कामावर जाणाऱ्यांना, सिक्युरिटीत बारा-बारा तासांची ड्युटी करत शिकणाऱ्यांना लागतो. यातले कुणी असाल तर पुढं वाचा. फक्त स्टेटसच्या फोटोसाठी हवा असेल तर मित्राचा मागून घ्या.

‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे काय?

ऑनलाइन ‘टॅक्टिकल बूट’ शोधलं की सात-आठशेपासून आठ-दहा हजारांपर्यंत शेकडो जोड दिसतात. सगळ्यांवर ‘मिलिटरी ग्रेड’, ‘कमांडो’, ‘स्वॅट’ असं काहीबाही लिहिलेलं. ही ग्रेड कुणी दिली? कुणीच नाही. विकणाऱ्यानं लिहिली.

खरी ग्रेड वेगळीच आहे आणि ती आपल्याकडं बहुतेकांना माहीत नाही. भारतीय मानक ब्युरोनं, म्हणजे ज्यांचा आयएसआयचा शिक्का असतो त्यांनी, २०१८ मध्ये याच बुटासाठी वेगळं मानक काढलं: आयएस १७०१२. त्याच्या नावातच ‘पीयू-रबर सोलचा उंच घोट्याचा टॅक्टिकल बूट’ असं लिहिलंय. दंगल नियंत्रणाच्या बुटाचं मानक वेगळं, आयएस १७०३७. कारखान्यातल्या सेफ्टी शूजचं आणखी वेगळं, आयएस १५२९८. त्यात पुढं लोखंडी टोपी असते, २०० जूलचा मार सोसणारी. बांधकामावर ती जीव वाचवते. पण वीस किलोमीटर चालायला गेलात तर तीच टोपी बोटांचा जीव घेते. दुकानदार बऱ्याचदा हे दोन्ही बूट एकाच रांगेत ठेवतो, त्यामुळं आधी पुढचा भाग अंगठ्यानं दाबून बघा.

१ ऑगस्ट २०२४ पासून पादत्राणांच्या अनेक प्रकारांना हा शिक्का सक्तीचा झालाय. छोट्या उत्पादकांना त्यातून सवलत आहे, म्हणून शिक्का नाही म्हणजे बूट टाकाऊच असं समजू नका. पण शिक्का असेल तर तो नीट वाचा. वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की परवाना कुणाच्या नावावर आणि कशासाठी आहे ते कळतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे. ‘मिलिटरी ग्रेड’ छापलेल्या डब्यातून घरात घालायच्या चपलेचा परवाना निघाला तर काय समजायचं ते समजा.

आणि ‘इम्पोर्टेड आहे’ याला फार भुलू नका. बिहारमधल्या हाजीपूरला तयार झालेले बूट रशियाच्या सैन्यासाठी जातात, ही बातमी २०२४ मध्ये देशभर गाजली होती. तिकडच्या पोरांना तो इम्पोर्टेडच.

चिखलाची परीक्षा

परभणीत बूट तपासायचा तर जाहिरातीतल्या बर्फावर नाही, आपल्या काळ्या रानात तपासायचा. ही माती जगातल्या बुटांची मोठी शत्रू आहे. पाणी पडलं की फुगते, चिकटते. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर पांदणीतून आखाड्यावर निघा, पन्नास पावलांत पायाला दोन-दोन किलो चिखल. उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि अशा भेगा पडतात की पाय आत जाऊन घोटा मुरगळतो. त्यावर मे महिन्यात पारा ४४-४५ ला. आणि कापूस किंवा तूर काढल्यावर उरलेली धसकटं. तुरीचं धसकट चपलेतून आरपार जातं, हे ज्याला गेलंय त्यालाच विचारा.

गंमत अशी की याच तीन गोष्टींवर, म्हणजे चिखल, उष्मा आणि तळव्यात घुसणारी टोकं यांवर, एका सैन्यानं डोकं खाजवलं आणि त्यातून एक बूट तयार झाला. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिकांचा ‘जंगल बूट’. सुरुवातीला त्याला व्हायब्रमसारखा खोल, दाट खाचांचा सोल होता. हा मूळचा गिर्यारोहकांचा सोल, इटलीच्या व्हिताले ब्रामानी यांनी १९३० च्या दशकात खडकांसाठी काढलेला. खडकावर उत्तम. पण भाताच्या चिखलात त्या खाचा गच्च भरायच्या आणि तळवा सपाट पाटासारखा व्हायचा. मग १९६० च्या दशकात त्याला ‘पनामा’ सोल लावला. त्यात खाचा कमी, लांब-लांब आणि तिरप्या. पाऊल टाकलं की रबर जरा पसरतं आणि चिखल बाहेर फेकला जातो. वरचा भाग निम्मा कापडी, म्हणजे लवकर वाळणारा. आतल्या बाजूला पाणी बाहेर जायला दोन छोटी जाळीदार भोकं. आणि शत्रूनं पेरलेल्या बांबूच्या खुंट्यांपासून वाचवायला तळव्यात धातूची पातळ पट्टी.

आता दुकानातला बूट उलटा करा आणि तळवा बघा. खाचा बारीक, दाट, एकमेकींना चिकटलेल्या असतील तर तो बूट सिमेंट रोडचा आहे. दोन खाचांमधून बोट सहज फिरायला हवं, आणि कडेला त्या खाचा उघड्या हव्यात, म्हणजे चिखलाला बाहेर पडायला वाट राहते. तळव्याच्या मधोमध, टाचेच्या पुढं, एक स्पष्ट पायरी हवी. उतारावर किंवा शिडीवर तीच धरते.

‘वॉटरप्रूफ’ शब्दावर तर दोन मिनिटं थांबाच. गोअर-टेक्ससारखा पातळ पडदा बुटात असतो, तो बाहेरचं पाणी अडवतो आणि आतली वाफ बाहेर सोडतो. थंड, ओल्या प्रदेशात सोन्यासारखा. पण आपल्याकडं उकाड्यात घाम एवढा येतो की तो पडदा पुरा पडत नाही. आणि पावसाळ्यात ओढा ओलांडताना पाणी सोलमधून नाही, वरून शिरतं. वरून शिरलेलं पाणी मग तोच पडदा आत धरून ठेवतो. पाय तासन्‌तास ओला राहिला की कातडी पांढरी पडते, सोलते, सडते. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत थंड पाण्यात उभं राहून हजारो सैनिकांचे पाय असेच निकामी झाले. आपल्याला तेवढी थंडी नाही, पण चिखल्या आणि फोड आहेतच. माझं मत विचाराल तर परभणीत वॉटरप्रूफला जास्तीचे पैसे देऊ नका. त्याऐवजी बाजूला जाड जाळीचं कापड असलेला, लवकर वाळणारा बूट घ्या आणि वाचलेल्या पैशात तीन जोड चांगले मोजे.

बूट ही किरकोळ गोष्ट नाही, हे सैन्यांना पराभवातून कळलंय. १९६२ मध्ये ईशान्य सीमेवर आपले अनेक जवान सुती कपडे आणि कॅनव्हासच्या बुटांत हिमालयात लढले. अलीकडचं बघायचं तर, फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात नोंद आहे की उंच प्रदेशातल्या जवानांना नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात नवे बहुउपयोगी बूट मिळालेच नाहीत, होते तेच पुन्हा वापरात आणावे लागले. तुम्ही ज्या वर्दीची तयारी करताय, तिथं बुटाचा असा हिशेब थेट संसदेपर्यंत जातो.

हाडाला पडलेली भेग

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरला एक कोडं पडलं. लांब कूच केलेल्या जवानांचे पाय सुजायचे, चवड्यात कळ यायची, पण मार कुठंच लागलेला नसायचा. क्ष-किरण सापडले १८९५ ला. त्यानंतर कळलं की त्या पायांत बारीक हाडाला केसासारखी भेग असते. एकदाच जोरात आपटून नाही, तर पुन्हा पुन्हा तोच मार बसून पडलेली. इंग्रजीत तिला आजही ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणतात. ही भेग चवड्यात पडते, नडगीतही पडते.

भरतीची जाहिरात आली की आपण काय करतो? आठ दिवसांत दोन किलोमीटरवरून दहावर जातो. तेही डांबरी रस्त्यावर, आणि वर जड बूट. भेगेला हे निमंत्रणच. भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात. ग्राउंडची तारीख मात्र थांबत नाही, आणि अग्निवीरसाठी वयाची मर्यादाही तुमच्या मागं लागलेली असते. नडगीवर एका बोटानं दाखवता येईल अशी नेमक्या जागी दुखणारी जागा असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर बाम चोळत पळू नका. हाडाच्या डॉक्टरांकडं जा. ‘पळून पळून मोकळं होईल’ हा गावातला सल्ला इथं चालत नाही.

मग कुठला बूट घेतला तर भेग पडणार नाही? असा बूट नाही. अमेरिकेच्या भूदल, हवाई दल आणि मरीन, तिन्हीकडं भरती झालेल्या नव्या जवानांना तळव्याच्या कमानीचा आकार बघून शूज वाटून पाहिले. दुखापती काही कमी झाल्या नाहीत. पण २००१ मध्ये कॅल्गरी विद्यापीठातल्या संशोधकांनी सैनिकांना आतली गादी, म्हणजे इनसोल, स्वतः निवडायला सांगितली. निकष एकच, पायाला आरामशीर वाटते ती. त्या गटात हाडाच्या भेगा आणि दुखणी कमी निघाली. म्हणजे यंत्रापेक्षा तुमचा पाय हुशार. फक्त त्याला बोलायला वेळ द्या. दुकानात दोन पावलं चालून तो काही सांगत नसतो, हे मी बटाटे सोलताना शिकलो.

वजनाचा हिशेब चालण्यालाही आहेच. पायातल्या एक किलोचं ओझं वाहायला शरीराला जी ताकद लागते, तीत पाठीवर पाच-सहा किलो वाहता येतात. लष्करी संशोधनात हे पुन्हा पुन्हा मोजलं गेलंय. म्हणून जोड किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा, दुकानदार हसला तरी चालेल. दीड किलोच्या वर गेला तर तो बूट पुरुषभर उंचीच्या उसात शिरायचा असेल तरच घ्या.

दुकानात काय करायचं

संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा सुजतो, चालतानाही तेवढाच सुजणार आहे. जे मोजे घालून चालणार तेच घालून जा. बुटातली गादी बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. पाय दोन्ही कडांनी बाहेर आला तर बूट अरुंद आहे, मग नंबर कितीही बरोबर असू दे. आपल्याकडं हा घोळ फार होतो, कारण आपण विलायती नंबर वापरतो आणि आपला पाय पुढून रुंद असतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेऊन हेच सांगितलं, आणि भारतीय पायासाठी ‘भा’ नावाची वेगळी मापपद्धत सुचवली. ती दुकानात रुळेपर्यंत गादीवर उभं राहणं हाच उपाय. मुलींनो, तुम्हाला बहुतेक ठिकाणी मुलांचाच लहान नंबर हातात देतील. तो टाचेला ढिला बसतो आणि ढिली टाच म्हणजे फोड. नाडी बांधल्यावर टाच आत वर-खाली होत असेल तर सरळ परत करा. ‘वापरून बसेल’ असं म्हणतील. बसत नाही.

आता दुकानाच्या पायऱ्या उतरा. पुढं अंगठा आपटला तर उतारावर नख काळं पडणार. बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध मोडल्यासारखा नाही. मग टॉवेल पिळतात तसा पिळा, सहज पिळला गेला तर ओझं घेऊन चालताना पाय थकेल. टाचेचा भाग मागून दाबा, तो कडक हवा. जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली हवी, नाहीतर कुसळं, खडे आणि गोखरू थेट आत. बाजूची चेन घालायला सोपी असते, मान्य. पण काळा चिखल एकदा तिच्या दातांत वाळला की ती एकतर उघडत नाही किंवा बंद होत नाही. मला चेन आवडत नाही, हे पूर्वग्रह म्हणून सोडून द्या हवं तर.

बूट जुनाट स्टॉकचा किंवा ‘मिलिटरीतून निघालेला’ असेल तर आणखी एक धोका आहे आणि तो दिसत नाही. सोलमधला पीयूचा थर हवेतल्या दमटपणानं हळूहळू कुजतो. बूट वापरलेला नसला तरी. पाच-सात वर्षं गोदामात पडलेला चकचकीत बूट पहिल्याच ट्रेकला बिस्किटासारखा चुरतो. गडावर सोल हातात घेऊन उतरणारे ट्रेकर तुम्ही पाहिले असतील, त्यातले बरेच याचेच बळी. सोलच्या बाजूला नख रोवून बघा. चिकट लागलं, भुगा निघाला किंवा बारीक चिरा दिसल्या तर कितीही स्वस्त असो, ठेवून द्या.

आणि बूट घेतल्यावर आधी चौकातल्या चर्मकार काकांकडं जा. बूट कुठं फाटतो हे त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नसतं. मी एकदा विचारलं होतं, ‘काका, हा किती दिवस जाईल?’ त्यांनी बूट हातात फिरवला आणि म्हणाले, ‘तुमी कुठं चालणार त्याच्यावर हाय बगा. हे नुस्तं चिटकवलंय. कडंनं शिलाई मारून घ्या, दोन वर्सं बगायचं काम नाही.’ मारून घेतली. सोल नुसता चिकटवलेला असेल तर ही शिलाई सगळ्यात स्वस्त विमा. साच्यात थेट ओतलेल्या सोलला, म्हणजे एनसीसीवाले ज्याला डीएमएस म्हणतात त्याला, तिची बहुधा गरज पडत नाही. पण तो झिजला की बदलताही येत नाही.

एक गोष्ट सैन्याच्या बाहेरची. तुमच्यातले कितीतरी जण रात्रपाळीची लाईट आली की बाराला-दोनला हरभऱ्याला पाणी द्यायला जातात. चप्पल घालून, नाहीतर अनवाणी. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं साधारण १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, बहुतेक पायाला चावलेली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चौघंही आपल्या बांधावर आहेत. या कामाला दोन हजारांचा टॅक्टिकल बूट नको. साधा नडगीपर्यंतचा रबरी गमबूट आणि बॅटरी पुरे. चिखलातून काढला, पाण्यात बुडवला, झालं. घरात एकाच जोडाचे पैसे असतील आणि रात्री कुणी रानात जात असेल, तर माझ्या मते पहिला जोड तो घ्या. वडिलांच्या मापाचा.

बूट आणलात? पहिले तीन दिवस घरातच घाला, आईनं ओरडलं तरी. मग कॉलेजला. मग दोन किलोमीटर, मग पाठीवर पाच किलोची बॅग घेऊन पांदणीतून. कुठं घासतंय असं वाटलं की तिथंच थांबा आणि फोड यायच्या आधी साधी कागदी चिकटपट्टी लावा, मेडिकलमध्ये मिळते. वनरक्षकाच्या २५ किलोमीटरला नवा बूट घालून जाणं म्हणजे पेपरला नव्या विषयाचं पुस्तक उघडणं.

परत आल्यावर चिखल ओला असतानाच काढा. काळी माती वाळताना चामड्याला ओढून भेगा पाडते. मऊ ब्रशनं धुवा, नाड्या आणि गादी वेगळ्या वाळवा, आणि बूट उन्हात किंवा चुलीपाशी ठेवू नका, चिकटवण सुटतं. सावलीत, वारा लागेल असं ठेवा. सकाळी घालण्याआधी उलटा करून दोनदा आपटा, आपल्याकडं विंचवाला अशी उबदार जागा फार आवडते. आतली ओल ओढून घ्यायला वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन तासांनी बदला. पेपर आजचा घेतला तरी हरकत नाही, फक्त हे पान तेवढं आधी कापून ठेवा.